थंडीने कीड मरते काय?

मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत बंगळूरच्या चामराजपेट भागातील बाजारात अवरेच्या शेंगांचे ढीग पडू लागतात. महाराष्ट्रात ज्यांना वाल किंवा पावटे म्हणतात, त्यांचीच ही जवळची आप्त. दव जितके अधिक पडेल तितका या शेंगांचा सुवास वाढतो, अशी तेथील लोकांची समजूत आहे. आणि त्या सुवासावरूनच गिऱ्हाईक शेंगेची पारख करते. पण घरी शेंगा सोलावयास बसले की मधूनच एखाद्या शेंगेतून हिरवट अळी बाहेर पडते. आतला दाणा तिने अर्धामुर्धा फस्त केलेला असतो. बाहेर माणसे शाली पांघरून हिंडत असतात, आणि ही अळी मात्र ऐन थंडीत धष्टपुष्ट झालेली असते.

थंडी पडली की कीड मरते, असा एक समज पुष्कळांच्या मनात असतो. शेंगेतील ती अळी म्हणजे या समजाला मिळालेला रोकडा जबाब होय. समज मुळातच खोटा आहे असे नाही. जगाच्या मोठ्या भागात तो खरा आहे. पण दख्खनच्या पठारावर तो फारसा लागू पडत नाही, आणि त्यावर विसंबून राहणाऱ्या शेतकऱ्याची फसगत होण्याचा संभव असतो. म्हणून थंडी कीटकाचे नेमके काय करते, आणि काय करीत नाही, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

माणूस, बैल किंवा चिमणी यांच्या शरीरात उष्णता निर्माण होते व ती एका ठरावीक पातळीवर राखली जाते. कीटकाला ही सोय नाही. भोवतालची हवा जितकी उष्ण, तितकेच साधारणतः त्याचे शरीर उष्ण. हवा गार झाली की त्याच्या शरीरातील सर्व व्यवहार मंदावतात. अन्न कमी खाल्ले जाते, वाढ लांबते, अंडी घालणे थांबते. पुष्कळ किडींच्या बाबतीत सुमारे १० अंश सेल्सिअस ही वाढीची खालची मर्यादा असते. पारा त्याखाली राहिला की वाढ जवळजवळ थांबते. पण वाढ थांबणे निराळे आणि प्राण जाणे निराळे. थंडीविषयीच्या गैरसमजाचे मूळ या दोन गोष्टींची गल्लत करण्यात आहे.

किडीच्या वाढीचा हिशेब एका सोप्या गणिताने मांडता येतो. रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७३५ साली असा विचार मांडला की वनस्पतींची वाढ त्यांना मिळालेल्या उष्णतेच्या बेरजेवर अवलंबून असते. पुढे हीच कल्पना कीटकांनाही लावण्यात आली. समजा, एखाद्या अळीची वाढ १० अंशांच्या वर सुरू होते आणि अंड्यापासून पतंग होईपर्यंत तिला ४०० अंश-दिवसांची शिदोरी लागते. दिवसाचे सरासरी तापमान २७ अंश असेल तर तिच्या खात्यावर रोज १७ जमा होतात आणि सुमारे २४ दिवसांत एक पिढी पुरी होते. तेच तापमान २१ अंशांवर आले तर रोज ११ जमा होतात आणि पिढीला ३६ दिवस लागतात. जानेवारीत दिल्लीचे सरासरी तापमान १४ अंशांच्या आसपास असते. तेथे रोज ४ या दराने तिला १०० दिवस लागतील. आणि जेथे सरासरी १० अंशांच्याही खाली जाते, तेथे खाते गोठून राहील. दख्खनमधील हिवाळा बहुधा २१ अंशांच्या उदाहरणात बसतो. म्हणजे येथे थंडीने किडीची पावले जड होतात, पण ती चालतच राहते. शेतात कीड कमी दिसू लागते ती पुष्कळदा मेल्यामुळे नव्हे, तर तिच्या पिढ्या लांबल्यामुळे. आभाळ येऊन रात्री उबदार झाल्या की तीच कीड पुन्हा वेगाने वाढू लागते, आणि शेतकऱ्याला वाटते की ही कोठून एकाएकी आली!

चामराजपेटचे हवामान या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडेयर यांच्या नावाने १८९२ साली वसविलेली ही पेठ, सर्व बंगळूर शहराप्रमाणेच, समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात येथील पहाटेचे तापमान साधारणतः १५-१६ अंश आणि दुपारचे २७ अंशांच्या आसपास असते. बंगळुरात नोंदली गेलेली सर्वांत कडक थंडी १३ जानेवारी १८८४ ची, आणि त्या दिवशीही पारा ७.८ अंशांपर्यंतच उतरला होता. उलट, तेथील सर्वांत कडक उन्हाळ्याची नोंद २४ एप्रिल २०१६ ची, ३९.२ अंशांची. ज्या शहराच्या थंडीची पराकाष्ठा ७.८ अंश आणि उन्हाळ्याची पराकाष्ठा ३९.२ अंश, तेथे माणसाला जसे सुख, तसेच कीटकालाही.

खरी थंडी कशाला म्हणावे हे पाहण्यासाठी उत्तरेकडील बर्फाळ देशांत जावे लागते. तेथील कीटकांनीही थंडीशी झुंजण्याच्या नाना युक्त्या साधल्या आहेत. पाणी शून्य अंशाला गोठते. पण पुष्कळ कीटकांच्या शरीरातील रस शून्याच्या कितीतरी खाली जाऊनही द्रवरूपच राहतो. हिवाळ्यापूर्वी हे कीटक पोट रिकामे करतात, कारण पोटातील अन्नाच्या कणांभोवतीच बर्फाचे पहिले स्फटिक धरण्याची भीती असते. मग ते शरीरात ग्लिसरीनसारखी द्रव्ये साठवितात. काही तर त्याहून धीट. उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातील एक केसाळ अळी शरीर गोठल्यावरही जिवंत राहते आणि उन्हाळा येताच पुन्हा चालू लागते. शिवाय बर्फाचा जाड थर जमिनीवर गोधडीसारखे काम करतो. वरची हवा उणे २० अंश असली तरी त्या थराखाली पाला-पाचोळ्यात दडलेल्या किड्याला शून्याच्या आसपासचेच तापमान भोगावे लागते. म्हणून तेथेही कडक पण बर्फाने झाकलेला हिवाळा किडीला सोपा जातो. तिचा घात होतो तो बर्फाविना पडलेल्या थंडीने, किंवा शरीराची तयारी होण्यापूर्वीच आलेल्या अवचित कडाक्याने.

तरीही थंडीचा पहारा काढून घेतला म्हणजे काय होते, याचे उदाहरण कॅनडाने अनुभवले. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पाइनच्या झाडांची साल पोखरणारा एक लहानसा भुंगेरा आहे. ऐन हिवाळ्यात पारा उणे ४० अंशांजवळ गेला की त्याच्या अळ्या मोठ्या संख्येने मरत. विसाव्या शतकाच्या अखेरीस हिवाळे सौम्य होत गेले, आणि पुढील काळात या भुंगेऱ्याने तेथील लक्षावधी हेक्टर अरण्य वाळवून टाकले. थंडीने कीड मरते हे वचन तेथे अक्षरशः खरे होते. पण त्या थंडीचे मोजमाप उणे ४० हे होते, १५ नव्हे.

दुसरे उदाहरण महाराष्ट्र-कर्नाटकाच्या शेतकऱ्याला अधिक जवळचे आहे. अमेरिकन लष्करी अळी ही मूळची अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशाची. तिला हिवाळ्यात निपचित पडून राहण्याची विद्या अवगत नाही. त्यामुळे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दर हिवाळ्यात ती बहुतेक सर्व ठिकाणी नष्ट होते. फ्लोरिडा व टेक्सासच्या दक्षिण टोकांना तेवढी तग धरून राहते. वसंतात तेथून तिचे पतंग पुन्हा उत्तरेकडे निघतात. म्हणजे थंडी दर वर्षी तेथील शेते झाडून साफ करते. हीच कीड २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्गा येथे मक्यावर आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातील मक्यापर्यंत येऊन पोहोचली. येथे तिला झाडून काढणारा हिवाळा भेटला नाही. उन्हाळी मका, खरीप मका, रब्बी मका, ज्वारी असे बारमाही ताट मात्र वाढलेले मिळाले. त्यामुळे अमेरिकेत जी पाहुणी म्हणून दर साली येते, ती येथे घरचीच होऊन बसली.

काही किडींना तर दख्खनची थंडी मानवतेच. डिसेंबर-जानेवारीत करडईवर पडणारा मावा, किंवा रब्बी ज्वारीची पाने चिकट करून सोडणारा मावा, हे गारव्यातच फोफावतात. थंड देशांत मावा शरद ऋतूत अंडी घालतो आणि हिवाळा अंड्यांच्या रूपाने काढतो. येथे त्याला तेवढा आडपडदाही लागत नाही. मादी नराविना पिलांना जन्म देते, ती पिले काही दिवसांतच स्वतः प्रसवू लागतात, आणि हा क्रम हिवाळाभर चालतो. करडईची पेरणी वेळेवर करावी, लांबवू नये, असे कृषिविद्या सांगते ते यासाठीच; पीक कोवळे असताना माव्याच्या तावडीत सापडू नये हा त्यातील हेतू. निफाडसारख्या ठिकाणी पारा कित्येकदा ५ अंशांखाली उतरतो. पण त्या रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात त्या पिकाच्या रक्षणासाठी. कीड मरण्याइतकी थंडी येण्यापूर्वी पीकच संकटात सापडते, हे आपल्या हवामानाचे कटू सत्य आहे.

थंडी कीटकाची वैरीण नसून सखीही ठरू शकते, याचा सर्वांत दारुण अनुभव मात्र शेतात आला नाही. तो शहरांनी घेतला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९८ च्या ऑगस्टमध्ये तो बंगळुरात शिरला. उंदरांवरील पिसवा हा रोग माणसापर्यंत आणीत. उत्तर हिंदुस्थानात आणि दख्खनमध्ये अनुभव असा की कडक उन्हाळा सुरू झाला की साथ ओसरे, आणि हवा निवली की ती पुन्हा डोके वर काढी. गार व दमट हवेत पिसू अधिक दिवस जगते. कोरड्या उष्म्यात ती लवकर मरते. बॅकॉट आणि मार्टिन या संशोधकांनी १९१४ साली दाखवून दिले की प्लेगचे जंतू पिसवेच्या अन्नमार्गात वाढून तो तुंबवितात, आणि अशी भुकेली पिसू पुनःपुन्हा चावून रोग पसरविते. कडक उष्म्यात हा तुंबारा टिकत नाही. बंगळुरात असा उष्मा नव्हता. शहराने उपाय केला तो वस्तीच्या रचनेचा. दाटीवाटीच्या जुन्या पेठांबाहेर बसवनगुडी व मल्लेश्वरम् या मोकळ्या वसाहती उभ्या राहिल्या. सहा वर्षे आधी आखलेली चामराजपेट ही याच पद्धतीच्या नगररचनेचा आरंभ होती. जेथे ऋतू माणसाच्या मदतीला येत नाही, तेथे माणसाला स्वतः बंदोबस्त करावा लागतो, हा धडा त्या साथीने दिला.

मग दख्खनमध्ये कीड आटोक्यात ठेवणारे निसर्गाचे हत्यार कोणते? ते आहे उन्हाळा. आणि त्याच्या जोडीला अन्नाचा दुष्काळ. जुन्या शेतकऱ्यांनी हे पुस्तकाविना ओळखले होते. रब्बीची पिके निघाली की चैत्र-वैशाखात जमीन नांगरून ढेकळे तापत ठेवावयाची हा त्यांचा शिरस्ता. घाटेअळीसारख्या अनेक किडी पिकावर पोट भरून जमिनीत उतरतात आणि तेथे कोश करतात. नांगराने ते कोश वर येतात. मग काही उन्हात करपतात, तर काही बगळ्या-साळुंक्यांच्या चोचीत जातात. घरोघरी गृहिणींनीही हेच केले. वर्षाचे धान्य आणि डाळी भरून ठेवण्यापूर्वी अंगणात पातळ पसरून दोन-तीन कडक उन्हे दाखविल्याविना कणगीत वा डब्यात जात नसत. धान्यातील सोंडे व भुंगेरे यांना ५० अंशांच्या वरची उष्णता काही तासांत मारते, आणि वाळलेल्या दाण्यात ओल न उरल्याने उरलेसुरले किडेही नीट वाढू शकत नाहीत. युरोपातील शेतकऱ्यासाठी जे काम पौष-माघ करतो, ते दख्खनमध्ये वैशाख करतो, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

परंतु उन्हाळ्याचे हे हत्यार कीड उघडी पडली तरच चालते. तिला लपावयास जागा आणि खावयास अन्न मिळाले तर नाही. कापसावरील गुलाबी बोंडअळीची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे. ही अळी मुख्यतः कापसावरच जगते. हंगाम संपत आला की ती सरकीत किंवा वाळल्या बोंडात सुप्तावस्थेत जाते आणि महिनेन् महिने तशीच पडून राहते. थंडी तिला काही करू शकत नाही, आणि सरकीच्या आत ऊनही पोहोचत नाही. तिची साखळी तुटते ती एकाच प्रकारे: पुढचे पतंग बाहेर पडतील तेव्हा शेतात कापूसच नसावा. पण डिसेंबरनंतर पाणी देऊन जुन्या पऱ्हाटीचेच आणखी पीक घेण्याची, म्हणजे फरदड घेण्याची पद्धत विदर्भ-मराठवाड्यात पसरली आणि अळीला हिवाळाभर अन्न मिळू लागले. जैवतंत्राने घडविलेल्या वाणांतील विषालाही ती सरावली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिचा मोठा उद्रेक झाला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. किडीचा बंदोबस्त उशिरा आणि घाईने करू गेल्यास त्याची किंमत काय पडते, हे त्या वर्षाने दाखविले.

यावरचा उपाय नवा नाही. मद्रास इलाख्यात १९१९ साली शेतीच्या किडी व रोग यांविषयीचा कायदा झाला, आणि जुनी कापसाची झाडे ठरावीक मुदतीत उपटून टाकण्याचे बंधन त्याखाली घालता आले. अमेरिकेने वांझ केलेले पतंग सोडणे, प्रतिकारक वाण लावणे आणि हंगामानंतर झाडे नष्ट करणे या मार्गांचा एकत्र अवलंब करून २०१८ साली गुलाबी बोंडअळीचे आपल्या देशातून उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. महाराष्ट्रातही फरदड घेऊ नये, डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी काढावी आणि जूनपूर्वी पेरणी करू नये, असा सल्ला कृषिखाते देत असते. या सल्ल्याचा अर्थ इतकाच, की निसर्गाने जो हिवाळा आपल्याला दिला नाही तो आपण शेतात हाताने निर्माण करावा. काही महिने त्या पिकाचे एक पानही शिल्लक राहू न देणे, हा दख्खनचा कृत्रिम हिवाळा होय. आणि तो एकट्याने पाळून भागत नाही. एका शेतकऱ्याची पऱ्हाटी निघाली आणि बांधापलीकडची उभी राहिली, तर पतंगाला बांध ठाऊक नसतो.

सौम्य हिवाळ्याची एक दुसरीही बाजू आहे, आणि ती आशेची आहे. जो हिवाळा किडीला मारीत नाही, तो किडीच्या शत्रूंनाही मारीत नाही. पपईवरील पिठ्या ढेकूण हा परदेशी किडा २००८ साली भारतात आढळला आणि पपई, तुती, टॅपिओका अशा पिकांवर त्याने हाहाकार उडविला. २०१० साली पोर्टो रिको येथून त्याच्यावर जगणारी एक अतिसूक्ष्म गांधीलमाशी आणण्यात आली. बंगळूर येथील राष्ट्रीय कीटक संस्थेने तिची पैदास करून ती दक्षिणेतील राज्यांत आणि महाराष्ट्रात पाठविली. या हवामानात ती रुजली, वाढली, आणि थोड्याच काळात पिठ्या ढेकणाचा बंदोबस्त झाला. फवारणीने हे साधले नसते. अविचारी फवारणीने असे मित्रकीटकच आधी मरतात. ढालकिडे आणि परोपजीवी माश्या यांना बारमाही नांदता येणे हे सौम्य हवामानाचे देणे आहे. ते राखणे शेतकऱ्याच्या हाती आहे.

पृथ्वीचे तापमान वाढत असताना हिवाळ्याच्या रात्री उबदार होत जातील, तर वर सांगितलेल्या हिशेबात किडीच्या खात्यावर रोजची जमा वाढत जाईल. ज्या प्रदेशांवर थंडीचा पहारा होता तेथील पहारा ढिला पडेल. आणि जेथे तो कधी नव्हताच, तेथे किडीच्या वर्षाकाठी होणाऱ्या पिढ्यांत भर पडेल. अशा वेळी पौषातील गारव्याकडे पाहून निर्धास्त होणे परवडणारे नाही. थंडी किडीला थोपवून धरते. तिने मिळवून दिलेली ही थोडी सवड शेत तपासण्यात, सापळे लावण्यात, जुनी झाडे वेळेवर काढण्यात आणि उन्हाळी नांगरटीची तयारी करण्यात जो खर्ची घालतो, त्यालाच तिचा उपयोग होतो. तिच्या भरवशावर जो झोपी जातो, त्याच्या शेतात कीडही तेवढ्याच निश्चिंतपणे ऊब येण्याची वाट पाहत असते.